पेटी नंबर 27

गुरुजींचा मेसेज आला तेव्हा मी बडोद्याच्या खंडेराव मार्केटात अळूची पानं बघत उभी होते. पितृपक्ष सुरू होता. आई-बाबा गेल्यापासून दादा दरवर्षी घरीच महालय करतो, पण आमचे जुने गुरुजी आता थकले आणि त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या यायला लागलाय, तो सगळं आधी नीट लिहून मागतो. तीन पिढ्यांची नावं पाठवा, पुरुषांची आणि बायकांची, गोत्रासकट. मी तिथेच उभ्या उभ्या टाईप करायला लागले. बाबा, आजोबा, पणजोबा. मग आई, आजी, आणि...

आणि पुढे काही आलंच नाही.

पणजीचं नाव मला माहीत नव्हतं. दादाला फोन केला, त्यालाही नाही. जुने गुरुजी इतकी वर्षं काहीतरी म्हणत असणारच ना, त्यांना सगळं पाठ होतं, पण आम्ही स्वयंपाकघरात खिरीकडे बघत असायचो, कुणी कान देऊन ऐकलंच नव्हतं. आता त्यांना विचारावं तर त्यांना माणसंच ओळखू येत नाहीत. मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, पुण्यातले, नाशिकचे, अमेरिकेतले सगळे आहेत त्यात. दोन तासांत तीसेक उत्तरं आली आणि सगळी पणजोबांबद्दल. पणजोबा असे होते, पणजोबा तसे होते, पणजोबांचा तो फोटो टाक ना परत. पणजीचं नाव एकालाही सांगता आलं नाही. या घरात इतकी वर्षं नांदून गेलेली बाई. खूप लागलं मनाला.

तो फोटो म्हणजे आमच्या बैठकीतला. मी जन्मल्यापासून त्याच खिळ्यावर आहे. पणजोबा उभे, लांब कोट, धोतर, डोक्यावर पगडी, शेजारी स्टुलावर एक लाकडी पेटी, पितळी कोपरे मारलेली, तिच्या झाकणावर डावा हात आणि उजव्या हातात किल्ली. आणि त्या फोटोची गोष्ट अशी की पणजोबा सरकारी जामदारखान्यात होते, महाराजांचा सगळा जडजवाहीर त्यांच्या हाताखालून जायचा. खंडेराव महाराजांनी घेतलेला तो 'स्टार ऑफ द साऊथ' हिरा, तो मोत्यांचा गालिचा, सगळ्याला या माणसाचा हात लागलाय असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे उठून फोटोजवळ जायचे, मग बाबा पुढचं सांगायचे की हा फोटो दादासाहेब फाळक्यांनी काढलाय, ते आपल्या बडोद्याच्या कलाभवनातच तर शिकले.

बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात अशी एक गोष्ट असतेच. कुणी दमाजीरावांच्या फौजेबरोबर आलेलं असतं, कुणाचे पूर्वज 1875 साली कवळाण्याहून आलेल्या बारा वर्षांच्या गोपाळरावाबरोबर, ज्याचे पुढे सयाजीराव झाले. आमच्याकडे पेटी होती. शाळेत मी तिच्यावर निबंध लिहिलाय आणि बक्षीस मिळवलंय.

आता मात्र मी खुर्ची घेतली आणि फोटो खाली काढला. मागे काहीतरी लिहिलं असेल, निदान कुणाचं तरी नाव असेल, एवढ्याच आशेने.

फ्रेम उघडायला पाऊण तास लागला. गंजलेले बारीक खिळे, मागे पुठ्ठा, पुठ्ठ्यामागे गुजराती वर्तमानपत्राचा तुकडा. फोटो जाड कार्डावर चिकटवलेला होता आणि वरच्या कोपऱ्यात काचेला धरला होता. (असं दिसलं तर ओढू नका. खरंच सांगते, अजिबात ओढू नका, ओलीने फोटोचा थर काचेला चिकटतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. आमच्या एका काकूंच्या लग्नाच्या फोटोचं तसंच झालं. काचेसकट स्कॅन करा.) मी मागची बाजू उजेडात धरली आणि तिथे पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी होत्या. मोडीत.

मला मोडी येत नाही. आजोबांना येत होती, गायकवाडी दप्तरात मोडी चालायची, पण बाबांपर्यंत येईस्तोवर ती घरातून गेली. आमच्या पलीकडच्या गल्लीत एक काका राहतात, ऐंशीच्या पुढचे, निवृत्त झाल्यावर हौसेने मोडी शिकले, आता जमिनीचे जुने कागद वाचून देतात लोकांना. त्यांच्याकडे गेले. त्यांनी भिंग काढलं, दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ काही बोलेचनात. मोडीत आधी वरची रेघ पानभर ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरं लोंबत जातात, एका अक्षराचं शेपूट दुसऱ्यात. "यात ऱ्हस्व-दीर्घ नसतं बरं का," काका म्हणाले, "संदर्भाने समजून घ्यायचं असतं." मग बोट ठेवून एकेक शब्द वाचला. ता. 9 जून सन 1914. पेटी नंबर 27. बुकें 25. डभोईस रवाना.

मी म्हटलं काका परत वाचा. त्यांनी परत वाचलं. बुकें 25.

फाळक्यांची गोष्ट तिथेच संपली, 1914 च्या जूनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' येऊन वर्ष उलटलं होतं आणि फाळके सिनेमात पूर्ण बुडालेले होते, बडोदा कधीच मागे पडलं होतं. पण पेटी? काकांनीच सांगितलं. "अगं, फिरतं पुस्तकालय. तुझे पणजोबा लायब्ररी खात्यात होते."

तेव्हापासून मी जे मिळेल ते वाचतेय आणि ज्याला त्याला सांगत सुटलेय, तुम्हालाही सांगते. सयाजीरावांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून पाहिलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या राज्याला लावलं, मुलांना आणि मुलींनाही. मग लक्षात आलं की पोरं चार बुकं शिकतात आणि गावात वाचायलाच काही नाही म्हणून दोन-तीन वर्षांत अक्षरं विसरतात. शिकवलेलं टिकायचं तर गावात पुस्तक पोचलं पाहिजे. म्हणून 1910 साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, ते 1913 पर्यंत राहिले, मध्यवर्ती पुस्तकालय उभं केलं, त्यात महाराजांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह दिला गेला, इथल्या माणसांना ग्रंथपालाचं काम शिकवायला वर्ग काढले. गावोगावची पुस्तकालयं उभी राहावीत म्हणून मोतीभाई अमीन फिरत होतेच, पुढे खात्याचं काम जनार्दन सखाराम कुडाळकरांनी पाहिलं. आणि जिथे पुस्तकालय उघडणं शक्यच नाही अशा खेड्यांसाठी या पेट्या. लाकडी, कुलूपवाल्या, पंधरा-तीस पुस्तकं मावतील एवढ्या. गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाच्या ताब्यात द्यायच्या, लोकांनी वाचायचं, मग पेटी परत यायची आणि दुसरी जायची. जाण्यायेण्याचं भाडंही सरकारच भरायचं, गावाला एक पैसा खर्च नाही.

डभोईला जाणारी ती छोटी गाडी मी लहानपणी पाहिलीय, प्रतापनगरहून सुटायची. तिकडचा डभोई-मियागाम रूळ तर 1862 चा, पहिल्यांदा त्यावर डबे बैल ओढायचे. माझ्या पणजोबांची पेटी त्याच अडीच फुटी रुळांवरून गेली असणार, आणि डभोईहून पुढे बैलगाडीने कुठल्यातरी गावात, जिथे कुणीतरी किल्ली घेऊन वाट बघत उभं असेल. हे मनात आलं आणि मी रात्रभर जागी होते.

ग्रुपवर टाकलं तर पहिलं उत्तर आलं, "म्हणजे कारकून होते?" दुसऱ्याने रडका चेहरा टाकला. एका चुलतभावाने तर सरळ लिहिलं की हे बाहेर कशाला सांगायचं, बाबांनी एवढी वर्षं सांगितलेलं खोटं ठरेल. मी त्याला उत्तर दिलं नाही. देता आलं नाही, कारण त्याचं दुःखही खरंच होतं, त्या हिऱ्यामोत्यांवर आमची दोन पिढ्यांची मान ताठ होती. पण मला विचाराल तर मला त्या दिवशी काही गमावल्यासारखं वाटलंच नाही. जवाहीर सांभाळणारा माणूस फक्त कुलूप लावतो. हा माणूस कुलूप उघडण्यासाठी पेट्या पाठवत होता.

दुसऱ्या दिवशी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेले. शाळेत असताना तिथे जायचे पण कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. पुस्तकांचे लोखंडी घोडे, म्हणजे मांडण्या, मजल्यावर मजले चढत जातात आणि मधली जमीन जाड काचेची आहे, खालपर्यंत उजेड जावा म्हणून. वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खालच्याला पावलांची सावली दिसते. मी खाली उभी राहून बराच वेळ त्या सावल्या बघत होते.

पण पणजीचं नाव अजून मिळालं नव्हतंच, आणि महालयाला पाच दिवस राहिले होते.

मोठी आत्या कारेलीबागेत राहते, शहाऐंशी वर्षांची. ग्रुपवर नाही, मोबाईल तिला आवडत नाही, म्हणून तिला विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही, हे लिहितानाही मला वाईट वाटतंय. मी घरातले सगळे फोटो पिशवीत घालून तिच्याकडे गेले. त्यातला एक ग्रुप फोटो 1916 च्या आसपासचा असावा, कारण आजोबा त्यात वर्षभराचे आहेत, पायात वाळे. वाड्याच्या अंगणात सतरंजी, मागे पुरुष उभे, पुढे बायका बसलेल्या. सगळे डोळे रोखून कॅमेऱ्याकडे बघतायत. आणि मधे, मांडीवर बाळ घेतलेली एक बाई जिचा चेहरा नाहीये. म्हणजे आहे, पण हललाय. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला पुसल्यासारखा ओढला गेलाय, नाक-डोळे काही कळत नाहीत. तेव्हा फोटोला क्षणभर श्वास धरून बसावं लागायचं, ही हलली. घरात या फोटोला "खराब आलेला" म्हणायचे आणि म्हणूनच तो कधी भिंतीवर लागला नाही. पणजीचा आमच्याकडे असलेला एकुलता एक फोटो.

मी स्कॅन करून मोठा केला होता. चेहरा गेलाय पण हात अगदी लख्ख आहेत. डाव्या हातात बाळाची पोटरी घट्ट धरलीय, बोटं थोडी रुतलीत मांसात. हिरव्या असतील अशा बांगड्या, चार चार. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जरा काळसर. मला वाटलं डाग असेल कागदावरचा. बाळाकडे बघायला वळली असेल म्हणावं तर बाळ दुसऱ्या मांडीवर आहे.

आत्याने चष्मा पुसला, फोटो हातात घेतला आणि त्या काळ्या बोटावर स्वतःचं बोट ठेवलं. "काजळी," म्हणाली. "आजीची ही बोटं कायम काळी असायची. कंदिलाची वात सारखी वर करायची ना ती."

मग आत्या बोलतच राहिली. तीन दुपारी गेले मी तिच्याकडे, मोबाईलवर रेकॉर्ड केलं सगळं, सात तासांच्या वर आहे. परत आलेल्या पेट्या स्टेशनवरून उशिरा सुटल्या की पणजोबा त्या घरी आणायचे आणि सकाळी कचेरीत न्यायचे. ती एक रात्र पेटी घरात. पणजी लग्न होऊन आली तेव्हा तिला जेमतेम अक्षरओळख होती, पणजोबांनी वाचायला शिकवलं, आणि मग तिला असा नाद लागला की रात्री सगळं आवरून पेटी उघडायची, एक पुस्तक काढायचं आणि उजाडायच्या आत संपवून जागच्या जागी ठेवायचं. डाग पडता कामा नये, पान दुमडता कामा नये, सरकारी माल. पुस्तक संपलं नाही तर पेटी गेली की ती गोष्ट अर्धीच. अशा अर्ध्या राहिलेल्या गोष्टी ती म्हातारपणी आत्याला सांगायची आणि विचारायची, तुला काय वाटतं गं, पुढे काय झालं असेल?

गुजराती पुस्तकंही असायची पेटीत. ती कशी वाचायची म्हणून मी विचारलं तर आत्या हसली. "ती म्हणायची वरची रेघ पुसली की झालं गुजराती, दोन-चार अक्षरं तेवढी वेगळी." दुपारी पोळेतल्या, म्हणजे गल्लीतल्या, गुजराती बायका धान्य निवडायला ओट्यावर जमायच्या आणि पणजी त्यांना रात्री वाचलेलं सांगायची, कधी एखादं पुस्तक दोन दिवस राहिलं तर मोठ्याने वाचून दाखवायची, मराठी वळणाच्या गुजरातीत. ती थांबली की बायका म्हणायच्या, "बेन, आगळ वांचो ने." पुढे वाचा ना. आत्याने हे वाक्य इतक्या हुबेहूब आवाजात म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या बायकांचा आवाज आत्याच्या गळ्यात शाबूत होता आणि मी त्याच गावात राहून तो कधी ऐकला नव्हता.

सासरचं नाव आत्याने पहिल्याच दुपारी सांगितलं, देवीचं नाव आहे. मी लगेच दादाला कळवलं, गुरुजींना कळवलं. पण मग आत्या म्हणाली, ते काय, लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव ते. तिचं खरं नाव वेगळंच होतं. ते मात्र तिला आठवेना. डोळे मिटून बसली, ओठ हलवले, नाहीच.

तिसऱ्या दुपारी निघताना तिने देव्हाऱ्याखालून लाल फडक्यात बांधलेली पोथी काढायला लावली, पणजीची, आत्याच्या वाट्याला आलेली. सुटी पानं, कडा तुपकट. मधे खूण म्हणून एक पोस्टकार्ड ठेवलं होतं, पंचम जॉर्जचं डोकं असलेलं. पणजीच्या भावाचं. बालबोध अक्षर होतं म्हणून मलाही वाचता आलं. इकडील सर्व क्षेम, आईस बरे आहे, पाऊस चांगला, आणि वर पहिल्याच ओळीत तिला हाक मारलेली, माहेरच्या नावाने. नदीचं नाव आहे. मी ते इथे लिहीत नाही. एवढी वर्षं ते कुणी उच्चारलं नव्हतं, आधी घरात पुरेसं उच्चारलं जाऊ दे असं मला वाटतं.

मी घरी आले आणि पेन्सिल घेऊन बसले. पेननं लिहू नका, शाई उमटते पुढच्या बाजूला, मऊ पेन्सिल घ्या आणि हलक्या हाताने कडेला लिहा. आत्याने ओळखलेली सगळी माणसं लिहिली, अकरा जणांपैकी आठ. तीन बायका राहिल्या आहेत, त्यांना ओळखणारं आता कुणी नाही. तुमच्याकडे ते चिकट पानांचे अल्बम असतील तर त्यातूनही फोटो काढून घ्या हळूहळू, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर घेऊन बसा, या आठवड्यात बसा.

महालयाला आत्या आली. जिना चढवत नाही तरी दोघांनी हात धरून आणलं. गुरुजी म्हणाले शास्त्रात सासरचंच नाव घेतात, दादा म्हणाला गुरुजी दोन्ही घ्या, गुरुजींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पाणी सोडताना ते भराभर म्हणत होते, सवयीने, हलक्या आवाजात. पणजीची पाळी आली, आधी देवीचं नाव, मग नदीचं.

"गुरुजी, मोठ्याने म्हणा," आत्या खुर्चीतून म्हणाली. "तिला डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. लहानपणीच कान फुटला होता, उजवा कान पुढे करायची बिचारी."

गुरुजींनी परत म्हटलं, खणखणीत.

मी आतल्या खोलीत गेले आणि तो फोटो काढला. चेहरा तिच्या डाव्या बाजूला वळलाय. उजवा कान कॅमेऱ्याकडे. फोटोवाल्याने त्या काळ्या फडक्याआडून काहीतरी सांगितलं असणार, हलू नका म्हणून सांगितलं असणार, आणि तिला ते ऐकू आलं नव्हतं.